लिनक्सचा कोणता डेस्कटॉप रोजच्या कामाला बरा? परभणीच्या टायपिंग दुकानातल्या नोंदी

कळफलक, परभणी

नमस्कार मंडळी.

परभणीत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. कोर्टाचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, कृषी विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध, लग्नसराईत पत्रिकांचा मजकूर, हे माझं काम. दिवसाचे सात-आठ तास बोटं कळफलकावरच असतात. टेबलावर दोन मशीन आहेत, एक ४ जीबी मेमरीचं आणि एक ८ जीबीचं. दोन्हींवर विंडोज १० होतं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती माझ्या एकाही मशीनमध्ये नाही. चालतं मशीन भंगारात घालायला मन धजेना. म्हणून लिनक्स टाकलं, आणि पहिलाच प्रश्न समोर आला की डेस्कटॉप कोणता घ्यायचा?

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पॅनल, मेनू, खिडक्यांची वागणूक हा जो वरचा थर असतो, तो लिनक्समध्ये आपल्याला निवडता येतो. केडीई १९९६ मध्ये सुरू झालं. ते ज्या क्यूटी लायब्ररीवर उभं होतं तिचा परवाना तेव्हा पूर्ण मुक्त नव्हता, म्हणून १९९७ मध्ये काहीजणांनी ग्नोम काढलं. एक्सएफसीईची सुरुवातही १९९६ चीच. २०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि त्यानं जुनी मांडणी पार बदलून टाकली. ज्यांना ती जुनीच हवी होती त्यांच्यातून मेट आणि सिनॅमन आले. इतके डेस्कटॉप कशाला, याचं उत्तर या वादांत आहे. खिडक्या कशा मांडाव्यात यावर लोकांचं कधी एकमत झालंच नाही.

नेटवर तुलना शोधली की दोनच गोष्टी सापडतात: कोणता किती मेमरी खातो आणि कोणता किती देखणा. माझ्या कामाला त्यातून काही कळेना. शेवटी मी एक वही केली. कळफलकावरून हात उचलून माऊस धरावा लागला की एक रेघ. हवी ती खिडकी पहिल्या फटक्यात समोर आली नाही की एक रेघ. मराठीच्या जागी इंग्रजी उमटलं आणि खोडावं लागलं की एक रेघ. चार डेस्कटॉपना आठ-आठ दिवस दिले. पहिले दोन दिवस हात बसायचे, ते मोजले नाहीत.

वहीत निघालं ते मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं होतं. निम्म्याच्या वर रेघा तिसऱ्या प्रकारच्या होत्या. डेस्कटॉप कोणताही असो, माझा सगळ्यात जास्त वेळ भाषा बदलण्यात जात होता.

दुकानात एका वेळी दोन खिडक्या हमखास उघड्या असतात. लिबरऑफिसच्या रायटरमध्ये मराठी अर्ज, ब्राउझरमध्ये कुठल्यातरी पोर्टलचा इंग्रजी फॉर्म. फॉर्मात पक्षकाराचं नाव इंग्रजीत टाकून अर्जावर परत यावं, ‘अर्जदार’ लिहायला घ्यावं, तर इंग्रजी अक्षरांची ओळ. खोडा, भाषा बदला, पुन्हा लिहा. जातात दोन-तीनच सेकंद, पण तेवढ्यात मनात जुळवलेलं वाक्य सुटतं. मराठी ३० आणि इंग्रजी ४० च्या परीक्षा देऊन कमावलेला वेग अशा ठिकाणी सांडतो.

यावर उपाय एकच: भाषा खिडकीगणिक वेगळी ठेवायची. रायटरची खिडकी मराठीत राहील, ब्राउझरची इंग्रजीत, आणि आल्ट-टॅब केलं की भाषा आपोआप बदललेली असेल. हे सगळ्यांत जमतं, फक्त सापडायच्या जागा वेगळ्या. ग्नोममध्ये सेटिंग्जच्या कीबोर्ड पानावर. सिनॅमनमध्ये कीबोर्डच्या लेआउट टॅबमध्ये. एक्सएफसीईत पॅनलवर कीबोर्ड लेआउटचं प्लगइन बसवावं लागतं. त्याच्या प्रॉपर्टीज उघडल्या की सगळीकडे एकच ठेवू, प्रोग्रामगणिक ठेवू की खिडकीगणिक, असं विचारतं. केडीईत याहून एक पर्याय जास्त आहे, आभासी डेस्कटॉपगणिक, म्हणजे त्याच पडद्यावर खिडक्यांचे वेगवेगळे संच ठेवता येतात त्या प्रत्येकाला वेगळी भाषा. एका डेस्कटॉपवर सगळं मराठी, दुसऱ्यावर सगळं इंग्रजी. प्रबंध टाइप करताना मला हाच सर्वांत सोयीचा पडला.

मी इनस्क्रिप्टवाला आहे, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कळफलकावर लिहिणारा. इनस्क्रिप्ट लिनक्सच्या मूळ कळफलकांच्या यादीतच असतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. उच्चाराप्रमाणे इंग्रजी स्पेलिंग लिहून मराठी उमटवणाऱ्यांना मात्र आयबस किंवा एफसीआयटीएक्स हे वेगळं सॉफ्टवेअर लागतं, आणि मग बऱ्याच ठिकाणी वरचं सेटिंग त्यांच्यावर चालत नाही. आयबसच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, ॲडव्हान्स्डमध्ये, सगळ्या प्रोग्रामना एकच पद्धत अशी एक खूण असते, ती काढायची.

अजून एक बारीक गोष्ट, पण माझ्यासाठी सोन्यासारखी. कॅप्स लॉकच्या कळीनं भाषा बदलायची सोय करता येते आणि मराठी चालू असेपर्यंत स्क्रोल लॉकचा दिवा पेटता ठेवता येतो. हे दोन्ही लेआउटच्या जादा पर्यायांत सापडतं. टायपिस्टची नजर मूळ कागदावर असते, पडद्यावर नसते. कोपऱ्यातला दिवा नजरेला लागतो आणि चूक होण्याआधीच हात थांबतो.

भाषेचं एवढं झाल्यावर खरी तुलना सुरू झाली.

ग्नोम मी फेडोरा नावाच्या लिनक्सवर वापरलं. दिसायला शांत, मधे-मधे काही येत नाही. पण माझ्याकडं एका वेळी सहा-सात अर्ज रायटरमध्येच उघडे असतात, आणि मूळ ग्नोममध्ये आल्ट-टॅब हे खिडक्या दाखवत नाही, प्रोग्राम दाखवतं. सात अर्जांचं मिळून एकच चिन्ह. त्यातली नेमकी खिडकी गाठायला टॅबच्या वरची कळ वेगळी दाबायची. सेटिंगमध्ये खिडक्या बदलण्याला आल्ट-टॅब जोडता येतं, पण ते ठाऊक व्हायला मला तीन दिवस लागले. मिनिमाइजचं बटण नाही, डेस्कटॉपवर फाइल ठेवता येत नाही. एक्स्टेन्शननं, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामनं, हे सगळं आणता येतं. मात्र ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये येते आणि एक्स्टेन्शन तिच्याशी जुळेपर्यंत थांबावं लागतं. समोर गिऱ्हाईक उभं असतं तेव्हा मला तसं थांबता येत नाही.

केडीई प्लाझ्मा ८ जीबीच्या मशीनवर बसवलं आणि वहीतल्या रेघा पहिल्यांदा खाली आल्या. मुख्य कारण क्लिपबोर्ड. एका भाडेकरारात दोन नावं, वडिलांची नावं, वयं, पत्ता, गट नंबर आठ-दहा ठिकाणी येतात. सुपर-व्ही (सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ) दाबलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी येते, बाणानं निवडा, एंटर. मी करार सुरू करतानाच ही माहिती एकेक करून कॉपी करून ठेवतो आणि मग शेवटपर्यंत माऊसला हात लावत नाही. आल्ट-स्पेस दाबून केरनरमध्ये प्रोग्रामचं नाव टाकलं की तो उघडतो; हिशोब टाकला की उत्तर येतं; एकराचं हेक्टरही तिथंच होतं. गुंठे त्याला कळत नाहीत, ते आपणच ४० नं भागून घ्यायचे. डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये एफ३ नं एकाच खिडकीत दोन फोल्डर शेजारी येतात. आणि केडीई कनेक्ट! पक्षकार आधारचा नि सातबाऱ्याचा फोटो माझ्या फोनवर पाठवतात, तो दुकानातल्या वायफायवरूनच मशीनवर येतो. त्या वेळी इंटरनेट बंद असलं तरी चालतं.

केडीईची अडचण म्हणजे सेटिंगांचं रान. पहिले दोन-तीन दिवस काम बाजूला राहतं आणि माणूस त्यातच फिरत बसतो.

सिनॅमन विंडोजवरून आलेल्याला पहिल्या तासात जमतं. माझ्याकडं कामाला असलेल्या मुलाला काही शिकवावं लागलं नाही. एक्सएफसीई ४ जीबीच्या मशीनवर ठेवलंय, जागच्या जागी नीट चालायलंय.

तर सध्या ८ जीबीवर प्लाझ्मा, ४ जीबीवर एक्सएफसीई. तुमच्याकडं काय चालतं, कुठं हात अडतो, ते लिहा. कामाचं स्वरूपही सांगा, नुसतं डेस्कटॉपचं नाव नको.

मोंढा_हिशेब, नांदेड

दादा, एक्सएफसीई तुम्ही एका ओळीत उरकलंत, म्हणून लिहायलोय. मी नव्या मोंढ्यात एका अडत दुकानाचा हिशोब बघतो. हळद-सोयाबीनच्या हंगामात रोजच्या काटापट्ट्यांचे शे-दीडशे फोटो फोनवरून येतात, नावाला नुसते आकडे. एक्सएफसीईच्या थुनार या फाइल मॅनेजरमध्ये सगळे निवडून एफ२ दाबलं की एकगठ्ठा नाव बदलायची खिडकी येते. तारीख, शेतकऱ्याच्या खात्याचा नंबर, पुढं अनुक्रमांक, असं एका दमात होतं. आधी हे काम मी रात्री घरी नेत होतो.

दुसरं म्हणजे थुनारच्या कस्टम ॲक्शन. उजव्या क्लिकच्या मेनूत आपल्या मनाची ओळ घालता येते आणि ती कोणत्या प्रकारच्या फाइलवर दिसावी तेही ठरवता येतं. मी ‘पट्टी बनवा’ अशी मराठीत ओळ घातली आहे. फोटो निवडले, ती दाबली, की सगळ्यांची मिळून एक पीडीएफ तयार. मागं एकच कमांड आहे, ती एकदा लिहून ठेवली. मालकाला लिनक्स म्हणजे काय ते माहीत नाही, पण ‘पट्टी बनवा’ त्यांना जमतं.

चार वर्षं झाली, माझा पॅनल होता तिथंच आहे. एक्सएफसीई सावकाश बदलतं: ४.१८ डिसेंबर २०२२ मध्ये आलं, ४.२० डिसेंबर २०२४ मध्ये. हिशोबाच्या माणसाला हेच पाहिजे.

टर्मिनल, छत्रपती संभाजीनगर

कळफलकदादा, वहीची कल्पना फार आवडली. तरी ग्नोमवर अन्याय झाला असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही ग्नोम विंडोजच्या सवयीनं वापरलं. त्याचा मूळ विचार असा की खिडकी लपवायचीच नाही. दुसरं काम आलं की दुसऱ्या वर्कस्पेसवर (केडीईत ज्याला आभासी डेस्कटॉप म्हणतात) जायचं. तिथं वर्कस्पेस आधी मोजून ठेवावे लागत नाहीत, शेवटी एक रिकामा कायम हजर असतो. मी सिडकोत घरी बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करतो. पहिल्यावर एडिटर नि टर्मिनल, दुसऱ्यावर ब्राउझर, तिसऱ्यावर बैठकीची खिडकी. कुणाचा फोन आला, वेगळं काही बघायचं झालं, की सरळ चौथ्यावर. ते संपलं की तो वर्कस्पेस आपोआप नाहीसा होतो आणि मी आधी जिथं होतो तिथं तसाच परत.

मार्च २०२१ च्या ग्नोम ४० पासून वर्कस्पेस आडवे झाले आणि टचपॅडवर तीन बोटं डावी-उजवीकडं सरकवली की बदलतात, वर सरकवली की सगळ्या खिडक्या समोर. चौदा इंची लॅपटॉपवर यासारखं सुख नाही. तुमच्या टेबलावर टचपॅडच नाही, त्यामुळं ग्नोमचा अर्धा भाग तुम्ही पाहिलाच नाही.

त्याआधी दोन वर्षं मी स्वे वापरलं. त्यात खिडक्या आपोआप शेजारी-शेजारी बसतात, सगळं कळफलकावरून चालतं आणि सगळं सेटिंग एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतं. वेगाच्या बाबतीत त्याच्या जवळपास कुणी नाही. सुपर आणि आकडा दाबला की त्या नंबरचा वर्कस्पेस, डोळे मिटूनसुद्धा. पण प्रोजेक्टर जोडायचा, बैठकीत पडदा दाखवायचा, रात्री दिवा मंद करायचा, प्रत्येक गोष्टीला त्या फाइलीत हात घालावा लागायचा. वाचवलेला वेळ तिथंच परत जायचा. म्हणून सोडलं.

कळफलक, परभणी

टर्मिनलभाऊ, तुमचं वाचून काल रात्री भाच्याच्या लॅपटॉपवर तीन बोटांचं करून पाहिलं. खरंच हात कुठं अडत नाही, मान्य करतो. माझी तक्रार टेबलावरच्या मशीनपुरती धरा.

एक विचारतो. सात अर्ज एकाच रायटरचे असतील तर तुम्ही काय कराल? सात वर्कस्पेस?

टर्मिनल, छत्रपती संभाजीनगर

पक्षकारागणिक एक. अर्ज, त्याचा फॉर्म आणि त्याचे फोटो एका वर्कस्पेसवर. समोरचा माणूस उठला, दुसरा बसला, की वर्कस्पेस बदला. मग आल्ट-टॅबमध्ये सात अर्जांची गर्दी होतच नाही. आल्ट-टॅब फक्त चालू वर्कस्पेसपुरतं ठेवायचं सेटिंग मल्टिटास्किंगच्या पानावर आहे.

कळफलक, परभणी

पक्षकारागणिक वर्कस्पेस हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. हे प्लाझ्मातही जमेल. एकाच्या करारात दुसऱ्याचा पत्ता जायची धास्तीही त्यानं कमी होईल. उद्यापासून लावतो.

दप्तर, अंबाजोगाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. जुनी दहा मशीन देणगीतून मिळाली. एका मशीनवर तीन-चार मुलं बसतात, तास चाळीस मिनिटांचा. माझ्यासाठी कार्यक्षम डेस्कटॉप म्हणजे जो कालच्यासारखाच आज दिसतो. मुलं हुशार असतात, पॅनल ओढून वर नेतात, चिन्हं काढून टाकतात, भिंतीचं चित्र बदलतात. पुढच्या वर्गाची दहा मिनिटं ते जागेवर आणण्यातच जायची.

मी लिनक्स मिंटचं सिनॅमन ठेवलं, त्याचं कारण पाहुण्याचं सत्र. लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये गेस्ट सेशनला परवानगी दिली की मूल पासवर्डशिवाय आत येतं, हवं ते करतं, आणि लॉगआउट केलं की सगळं पुसलं जाऊन मूळ रूप परत येतं. मुलांना मोकळीक राहते, मला रागवावं लागत नाही. मात्र त्यांनी काढलेलं चित्रही पुसलं जातं. पहिल्याच आठवड्यात चौथीतल्या एका मुलीचं बैलगाडीचं चित्र असंच गेलं, ती फार रडली. तेव्हापासून तास संपायच्या आधी पाच मिनिटं मी स्वतः पेन ड्राइव्ह घेऊन दहाही मशीनवरून फिरते.

एक्सएफसीईत पॅनलला कुलूप लावायची खूण आहे. तीन मशीन फारच जुनी आहेत, त्यांच्यावर मी तेच केलं आहे.

मेनू मराठीत करून पाहिले होते. भाषांतर अर्धं असल्यानं एक ओळ मराठी, एक इंग्रजी, अशी सरमिसळ व्हायची आणि मुलं जास्त गोंधळायची. शेवटी मेनू इंग्रजीच ठेवले आणि भिंतीवर मराठी तक्ता लावला. पूर्ण मराठी डेस्कटॉप आमच्या मुलांना मिळायला हवा, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. इथं कुणी भाषांतराचं काम करत असेल तर मला कळवा, सुट्टीत मी मदत करीन.

आणि लाईट. आमच्याकडं तिचा भरवसा नाही. लिबरऑफिस दर १० मिनिटांनी मजकूर वाचवून ठेवतं, ते मी सगळीकडं २ वर आणलंय. डेस्कटॉप निवडण्याआधी हे एवढं प्रत्येकानं करावं.

अभ्यासिका, लातूर

मी लातूरला नीटची तयारी करायलोय. लॅपटॉप ४ जीबीचा, प्रोसेसर साधा. उन्हाळ्यात रूमवर पंखा फुल्ल असला तरी लॅपटॉप तापून हळू व्हायचा. मी लुबंटू टाकलं, त्यात एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप येतो. सुरू झाल्या झाल्या फ्री कमांडनं बघितलं तर अर्ध्या जीबीच्या आसपास मेमरी लागलेली होती. त्याच लॅपटॉपवर ग्नोम सव्वा जीबीच्या पुढं होतं.

पण खरं सांगतो, ब्राउझर उघडून लेक्चर लावलं, चार टॅब झाले, की हा फरक जाणवत नाही. मेमरी ब्राउझरच खातो. मला जास्त फायदा झेडरॅमनं झाला. त्यात मेमरीतलाच काही भाग दाबून साठवला जातो, त्यामुळं डिस्कवर लिहीत बसावं लागत नाही आणि लॅपटॉप अडकून पडत नाही.

एलएक्सक्यूटीत कमी काय वाटतं तर टचपॅडची ती तीन बोटं. आणि पीडीएफवर खुणा करायला मी केडीईचं ऑक्युलर बसवलं, ते इथंही चालतं. डेस्कटॉप एक आणि प्रोग्राम दुसऱ्याचा, याला काही बंदी नाही, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

सेवाकेंद्र, जालना

आमच्याकडं बोटाचे ठसे घ्यायचं मशीन आहे, पीक विम्याच्या दिवसांत ते सकाळपासून रात्रीपर्यंत लागतं. ते लिनक्सवर चालेल का? चालत असेल तर मी आजच सगळं बदलायला तयार आहे.

कळफलक, परभणी

घाई करू नका. माझ्या ओळखीच्या एका केंद्रावर जे मशीन आहे त्याचं सॉफ्टवेअर विंडोज आणि अँड्रॉइड एवढ्यासाठीच आलं होतं. तुमच्या मशीनच्या कंपनीकडून लिनक्सचं मिळतं का, ते आधी लेखी विचारा. नसेल तर ठशांचं एक मशीन आहे तसं ठेवा आणि बाकीची, म्हणजे टायपिंग, प्रिंट, स्कॅन, फॉर्म भरणं, ती बदला. रांग लागलेली असताना प्रयोग नकोच. शेतकरी दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो.

सेवाकेंद्र, जालना

बरोबर आहे. प्रिंटच्या मशीनवर आधी सिनॅमन टाकतो.

गुरुजी_७१, धाराशिव

माझं वय ७१. डोळ्याचं एक ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. तुम्ही सगळे हाताबद्दल लिहिता, माझं काम डोळ्यापाशी अडतं. सातबाऱ्यावरचे, फेरफारावरचे बारीक आकडे वाचायचे म्हणजे आधी भिंग लागायचं.

नातवानं एक्सएफसीई लावून दिलं. त्यात आल्ट धरून माऊसचं चाक फिरवलं की सगळा पडदाच मोठा होतो आणि माऊस नेईल तिकडं सरकतो. चाक उलट फिरवलं की पूर्ववत. मधे कुठला मेनू नाही, काही लक्षात ठेवायचं नाही. प्लाझ्मात हेच सुपर आणि अधिकच्या कळीनं होतं, ते मुलीच्या घरी पाहिलं. पण चाकाची सवय मला बरी वाटते.

दुसरी एक गोष्ट, कुणाला उपयोगी पडेल. नुसता फॉन्टचा आकार वाढवला तर काही ठिकाणी पॅनलवरच्या मराठी अक्षरांचे वरचे रफार नि वेलांट्या कापल्या जात होत्या. पॅनलची उंची थोडी वाढवली आणि फॉन्ट नोटो सान्स देवनागरी केला, तेव्हा पूर्ण अक्षर दिसू लागलं. आता सकाळचं वर्तमानपत्रही मी पडद्यावरच वाचतो.

मोंढा_हिशेब, नांदेड

गुरुजी, आल्ट आणि चाकाचं मला चार वर्षांत कळलं नव्हतं. आत्ता करून पाहिलं. पुसट काटापट्टी वाचायला फार कामाचं आहे. आभार.

हळदपट्टा, हिंगोली

धागा वाचून काल प्लाझ्मा ६ टाकलं. बाकी सगळं छान, पण मराठी येईना. एफसीआयटीएक्स ५ बसवलं, इनस्क्रिप्ट जोडला, खाली चिन्ह ‘म’ दाखवतं, पण उमटतं इंग्रजीच. सकाळपासून दोन अर्ज अडून आहेत.

टर्मिनल, छत्रपती संभाजीनगर

तुम्ही वेलँडवर, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवायच्या नव्या पद्धतीवर आहात, प्लाझ्मा ६ मध्ये तेच आधी निवडलेलं असतं. सिस्टम सेटिंग्ज उघडा, कीबोर्डच्या भागात व्हर्च्युअल कीबोर्ड असं पान आहे, तिथं एफसीआयटीएक्स ५ निवडा आणि लॉगआउट करून परत या. नाव व्हर्च्युअल कीबोर्ड असलं तरी वेलँडवर लिहिण्याची पद्धत जोडायची जागा तीच आहे. नावामुळं कुणी तिकडं फिरकत नाही.

कळफलक, परभणी

आणि नुसता इनस्क्रिप्टच वापरणार असाल तर एफसीआयटीएक्सची गरजच नाही. कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी जोडा, झालं. खिडकीगणिक भाषाही मग तिथंच लावता येईल.

हळदपट्टा, हिंगोली

लेआउटमध्ये जोडलं, लगेच आलं! खिडकीगणिकही लावलं. आता एकच राहिलंय. ‘शेतकऱ्यांना’ लिहायला गेलो की रफार य वर चढतो, ‘शेतकर्यांना’ असं होतं. अर्जात हा शब्द चार वेळा आहे.

कळफलक, परभणी

साध्या र ला हलन्त देऊन य लिहिला की रफारच होणार. तुम्हाला खाली नुक्ता असलेला ऱ पाहिजे. इनस्क्रिप्टमध्ये र ज्या कळीवर आहे, म्हणजे इंग्रजी जे, तीच शिफ्ट धरून दाबा, मग हलन्त, मग य. दऱ्या, वाऱ्यावर, सुऱ्या, सगळे असेच लिहायचे.

हळदपट्टा, हिंगोली

शेतकऱ्यांना. शेतकऱ्यांना. शेतकऱ्यांचे.

बरोबर उमटलं दादा. दोन्ही अर्ज प्रिंटला लावलेत.